सागाची नाडीपरीक्षा

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जावे, असा रिवाज आहे. आमच्या घरी हा रिवाज गेली एकतीस वर्षे उलटा चालत आला आहे. आमच्या सौ.चे माहेर पारोळला. शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. तिचे थोरले बंधू नाना तिथे शेती सांभाळतात. भातकापणीच्या दिवसांत त्यांना घर सोडून वसईला येणे जमत नाही, म्हणून आम्हीच विरारला गाडीतून उतरतो, पुढे मिळेल ते वाहन पकडतो आणि करंजीचा डबा मांडीवर सांभाळत पारोळला पोचतो. बहीण भावाच्या घरी जाऊन त्याला ओवाळते. शास्त्राची हरकत असेल, पण आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

गेल्या वर्षी मात्र नानांचा चेहरा पाहूनच काहीतरी बिनसल्याचे कळले. पाटावर बसले, ओवाळून घेतले, ताटात ओवाळणी टाकली. पण लक्ष खिडकीबाहेर होते. चहा झाला आणि ते मला म्हणाले, "भावोजी, जरा बांधावर येता? तुम्ही झाडापेडांवर लिहिता ना, आता एकदा खरंच कामाला या."

बांधावर सागाची झाडे आहेत. आमच्या लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी तीन ओळींत नव्वद रोपे लावली होती. त्यांतली बहात्तर आज उभी आहेत. बांधाकडची ओळ ताईची, म्हणजे आमच्या सौ.ची, असे सासरे तोंडी सांगून गेले. कागदोपत्री त्याचा कुठे उल्लेख नाही, पण नानांनी तो शब्द कधी मोडला नाही.

झाडांकडे पाहिले आणि माझ्याही पोटात गोळा आला. एकूण एक झाडाची पाने तपकिरी पडलेली. हातात घेऊन उन्हासमोर धरले तर पान नव्हेच, शिरांची नुसती जाळी! आमच्या लहानपणी पिंपळाचे पान पुस्तकात ठेवून जाळी करायचो, तशी. फक्त हातभर रुंद. पायाखाली अशीच पाने पडून चुरचुरत होती. काही बुंध्यांवर मातीची पुटे चढली होती. वर दोन-चार फांद्यांवर बांडगुळांचे झुबके लोंबत होते.

"आठवड्यापूर्वी एक लाकूडवाला येऊन गेला," नाना म्हणाले. "पान चुरून दाखवलंन मला. म्हणे, रोग लागलाय. पुढचा पाऊस लागेपर्यंत सगळी झाडं आतून पोकळ होतील, मग सरपणालाही कोणी घेणार नाही. सव्वादोन लाख उक्ते देतो म्हणतोय, बहात्तरचे. दिवाळी झाली की उत्तर द्यायचंय."

सव्वादोन लाखांना गरजही तशीच होती. नानांच्या धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता महिन्याच्या आत भरायचा होता. ती पोर आमच्या मागोमाग बांधावर येऊन उभी राहिली होती. एक शब्द बोलत नव्हती; पण शिक्षण की आजोबांची झाडे, हा हिशेब आपल्यामुळे उभा राहिला आहे, हे तिला कळत होते.

आता वाचकांशी खोटे कशाला बोलू? त्या घटकेला पटकन काहीतरी निदान ठोकून द्यावे, असा मोह मला झाला. लिहिणाऱ्या माणसाला "मला ठाऊक नाही" हे शब्द जड जातात. पण माझ्या खात्यावर एक जुने पाप होते, ते आठवले.

वसई गावात समुद्राकाठी सुरूची बाग आहे, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या साऱ्या किनाऱ्यावर खारा वारा आणि वाळू अडवायला हीच झाडे उभी आहेत. सुरू हा मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, पण आपल्या वाळूत असा रुजला की, तो परका आहे असे कुणाला वाटतच नाही. आमच्या सोसायटीच्या आवारातही चार सुरू होते. त्यांतल्या एकाच्या बुंध्यावर मला एकदा वाळवीची माती दिसली. मी सभेत उठून सांगितले, "हे झाड आतून पोखरले आहे. वादळात कोणाच्या तरी डोक्यावर येईल." माझ्या शब्दाला तेव्हा थोडी किंमत होती. रीतसर परवानगी काढून झाड तोडले. बुंधा आडवा पडला तेव्हा आतले लाकूड खणखणीत होते, नखभरही कीड नव्हती. वाळवी फक्त वरची मेलेली साल खात होती! कोवळ्या रोपाला वाळवी मारू शकते. वाढलेल्या निरोगी झाडावर ती बहुधा मेलेल्या सालीवरच ताव मारते. माती खरवडून खालची साल नखाने ओरखडली असती, ती ओली लागली असती आणि झाड वाचले असते. मी नख लावले नाही, जीभ लावली.

म्हणून पारोळला मी म्हटले, "नाना, आज मी काही बोलत नाही. एक वही, खडूचा तुकडा आणि भिंग असेल तर द्या. एकेक झाड पाहू."

भिंग धाकटीच्या दप्तरात निघाले. दुपारभर आम्ही तिघे त्या ओळींतून फिरलो. प्रत्येक झाडाला खडूने आकडा घातला, आणि प्रत्येक झाडाला तेच चार प्रश्न विचारले. इजा कुठे आहे: पानाला, सालीला, की खोडाच्या आत? खाण्याची खूण कशी आहे? ऋतू कोणता? आणि दुखणे एकाच झाडाला आहे की सगळ्यांना? वैद्य नाडी धरतो, जीभ बघतो, झोप-भूक विचारतो आणि मग काढा सांगतो. झाडाला बोलता येत नाही, म्हणून तेच प्रश्न आपण त्याच्या अंगावर शोधायचे.

पहिली गोष्ट पानांची. सागाची पाने खाणाऱ्या दोन अळ्या प्रसिद्ध आहेत, आणि पुष्कळांची त्यांत गल्लत होते. पहिली आहे पानखाऊ अळी. तिचे शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. ही पावसाच्या तोंडाशी येते, जेव्हा सागाला कोवळी लुसलुशीत पालवी असते. पानाची कड कापून ती अंगावर दुमडून घेते, रेशमाच्या धाग्याने शिवते आणि त्या घडीत बसून खात सुटते. जाड शिरा तेवढ्या शिल्लक राहतात, बाकी पान साफ! अळी दहा-बारा दिवसांत पोसते, धाग्याला लोंबकळून खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत अख्खे रान उघडेबोडके होते.

दुसरी आहे जाळीवाली अळी. ती पावसाळा सरता सरता, दसरा-दिवाळीच्या सुमारास, जून झालेल्या पानांवर येते. ती शिरांना हात लावत नाही. दोन शिरांमधला हिरवा गर तेवढा खरवडून खाते आणि मागे जाळी ठेवते. दिसायला दुसरी अधिक भयंकर, कारण तपकिरी जाळीदार पाने महिनोन्महिने झाडावर लटकून राहतात आणि रस्त्याने जाणारा हळहळतो. पण जरा विचार करा. सागाची पाने थोड्या दिवसांनी गळायचीच असतात. त्यांचे वर्षाचे काम बहुतेक उरकलेले असते. निवृत्तीला महिना उरलेल्या कारकुनाचे टेबल काढून घेतले, तर कचेरीचे असे किती नुकसान होणार?

ही माझी कल्पना नव्हे. केरळात त्रिचूरजवळ पीची येथे वनसंशोधन संस्था आहे. तिथल्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलंबूरच्या सागवनात हे मोजून पाहिले. निलंबूर म्हणजे सागलागवडीची पंढरीच. तिथे इंग्रजांनी १८४० च्या दशकात जहाजांच्या लाकडासाठी साग लावायला आरंभ केला. नायर मंडळींनी काही झाडे अळीपासून जपली आणि काही तशीच सोडली, आणि वर्षानुवर्षे त्यांचे घेर मोजले. १९८५ साली त्यांचा अहवाल निघाला. कोवळ्या वयाच्या त्या रोपवनात, पावसाच्या तोंडाशी येणाऱ्या पानखाऊ अळीमुळे लाकडाची जी वाढ व्हायला हवी होती, तिच्यातली ४४ टक्के बुडाली होती. झाडे मात्र मेली नव्हती. आणि जाळीवाल्या अळीमुळे वाढीत म्हणण्यासारखे नुकसान आढळलेच नाही. म्हणजे जिच्या रूपाला पाहून आपण घाबरतो ती निरुपद्रवी, आणि जिची खूण महिन्याभरात नव्या पालवीने झाकली जाते ती खरी चोर!

भिंगाखाली आम्ही पाने पाहिली. बहात्तर झाडांवर एकच खूण होती: शिरा शाबूत, गर नाहीसा. धाकटीला एका पानावर बारीक धाग्यांच्या आडोशाला बसलेली हिरवट अळीही सापडली. "एवढीशी?" ती म्हणाली. तो तिचा त्या दिवसातला पहिला शब्द.

मातीची पुटे सव्वीस झाडांवर निघाली. यावेळी मी नख लावायला विसरलो नाही. सव्वीसही झाडांची आतली साल ओली आणि हिरवट होती. बांडगुळे नऊ झाडांवर. बांडगूळ कोकणातल्या आंब्यावर आपण पाहतोच. फुलटोच्यासारखे इवले पक्षी त्याची फळे खातात आणि चिकट बी फांदीला पुसून जातात. तिथे ते रुजते आणि झाडाच्या अंगातून पाणी पिते. फळे पिकण्याआधी, जिथे ते चिकटले असेल त्याच्या जरा खालून फांदीसकट काढून टाकणे, एवढाच त्याला उपाय. चार झाडांच्या सालीवर भुसा आणि विष्ठा विणून केलेले पट्टे होते, जणू कोणी जुनी गोणपाटाची चिंधी चिकटवली आहे. ही साल खाणारी अळी. दिवसा फांदीच्या बेचक्यातल्या भोकात लपते, रात्री त्या पट्ट्याच्या आडून साल खाते. तुमच्या परसातल्या पेरूवर, शेवग्यावर, आंब्यावरही ती सापडेल. पट्टा झाडून टाकावा, भोकात तार घालून अळी मारावी आणि भोक मातीने लिंपावे. आमच्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होते.

एकुणात लाकूडवाल्याचा रोग काही सापडेना. माझा उत्साह वाढत चालला होता. तेवढ्यात पायवाटेच्या कडेला तीन झाडे आली आणि वहीतला खडू थांबला. खोडाला बोटभर भोके होती. त्यांतून ओला भुसा बाहेर आला होता, आणि खाली काळसर ओघळ सुकले होते. हे पानाचे दुखणे नव्हे. इथे कोणीतरी लाकडात शिरले होते.

इथे मात्र थांबलो. घरी परतल्यावर वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका परिचित गृहस्थांना गाठले आणि पुढच्या रविवारी त्यांना पारोळला नेले. त्यांनी वही वाचली, मान डोलावली आणि सरळ त्या तीन झाडांपाशी गेले. कोयत्याच्या पाठीने खोड ठोकत, कान लावत, वर बघत राहिले.

"या फांद्या कोणी तोडल्या?" त्यांनी विचारले.

नाना गप्प. मग म्हणाले, "राबासाठी. वाटेवरची झाडं, हाताला येतात."

आपल्या भागात भाताचे बी पेरण्याआधी जमिनीवर डहाळ्या, पाचोळा, शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी नाना दरसाल याच तीन झाडांना छाटत आले होते. ते गृहस्थ म्हणाले, "सागाच्या खोडात शिरणारी अळी धडधाकट सालीतून सहसा घुसत नाही. तुटलेल्या फांदीचा खुंट, चिरलेली साल, तिथून ती आत जाते. मग त्याच झाडात पिढ्यानपिढ्या राहते. ही तीन झाडं किडीनं नव्हे, कोयत्यानं आजारी पडलीत. बाकीची एकोणसत्तर ठीक आहेत."

नानांनी टोपी काढून डोके पुसले. हे दुखणे त्यांनीच दिले होते, हे ऐकणे सोपे नव्हते. पण मला सुरूचा बुंधा आठवत होता, म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

कोणी म्हणेल, अळी ती अळी, एवढा बारकावा कशाला? बारकाव्यावरच सगळे आहे. १९९७-९८ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या सालवृक्षांच्या जंगलात एका भुंग्याने हाहाकार केला. त्याची अळी थेट गाभ्यात शिरते आणि झाडच मारते. लाखो झाडे गेली. तिथे वाट पाहून चालत नाही. ताजे तोडलेले सालाचे ओंडके जागोजागी ठेवतात, त्यांच्या रसाच्या वासाने भुंगे जमतात आणि माणसे ते वेचून मारतात. उलट १९८८ साली बाहेरून आलेल्या एका बारीक उड्या मारणाऱ्या किड्याने सुबाभळीचे कोवळे शेंडे चोखून वाळवले, तेव्हा त्याला खाणारे ढालकिडे आणून सोडण्याचा मार्ग धरला गेला. सुरूलाही एक बुरशीचा रोग आहे. त्यात साल फोडासारखी फुगते, फुटते आणि आतून काळी भुकटी निघते. तसे झाड दिसले तर काढून टाकणेच शहाणपणाचे. एकाला थांबणे हे औषध, दुसऱ्याला कुऱ्हाड. आणि निदान चुकले तर नेमकी उलटापालट होते. ती मी एकदा केली होती.

आता फीचा प्रश्न. त्या रविवारी रात्री पारोळच्या ओसरीवर हिशेब झाला. मी आणि नाना आकडे मांडत होतो. सौ. शांतपणे म्हणाली, "दादा, ती तीन झाडं काढायचीच आहेत. माझ्या ओळीतली चार फार दाटीत आहेत, एकमेकांना वाढू देत नाहीत. तीही काढ. पोरीच्या फीला लाव."

"तुझी झाडं मी कशी विकू?" नाना म्हणाले.

"आपल्याकडे भाऊबीज उलटी चालते ना? मग ओवाळणीही उलटी."

साग आपल्या जमिनीतला असला तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात तो अनुसूचित वृक्ष आहे. अर्ज, पाहणी, मोजणी, तोडीची परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना, हे सारे करावे लागते. उक्त्या सौद्यात "ते सगळं मी बघतो" असे म्हणणारा भेटला की समजावे, त्याची किंमत आपल्याच खिशातून जाणार. त्या कामाला काही महिने लागणार होते, म्हणून पहिल्या हप्त्यासाठी सौ.ने आपल्या पाटल्या बँकेत ठेवल्या. मला विचारले नाही. विचारले असते तरी मी काय म्हणणार होतो?

परवानगी आली, सात झाडे पडली, घनफुटावर मोजून विकली गेली. तीन आजारी झाडांपैकी एकाचा बुंधा पार पोखरलेला निघाला, बाकी दोघांचे वरचे लाकूड चांगले होते. सात झाडांचे जे आले ते, बहात्तर झाडांना देऊ केलेल्या त्या उक्त्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिकच होते. पाटल्या परत आल्या.

गोष्ट इथेच संपायची, पण झाडे इतक्यात सोडत नाहीत. यंदा पाऊस लागून पंधरवडाही झाला नव्हता, तोच रात्री साडेनऊला नानांचा फोन. "भावोजी, पुन्हा! आता तर जाळीसुद्धा नाही. नुसते दांडे उभे आहेत. खाली उभं राहिलं की अंगावर लेंड्या पडतात, पाऊस पडल्यासारखा आवाज येतो."

ही पहिली, खरी चोर. मी म्हटले, "विष फवारू नका. तेवढ्या उंचीवर पोचणार नाही, आणि पोचले तर पक्षी मरतील. एकवीस दिवस थांबा."

फोनवर ठामपणे बोललो खरा, पण ते एकवीस दिवस मीही मोजत होतो. केरळात या अळीलाच जडणारा एक विषाणू शोधून तो फवारण्याचे प्रयोग झाले आहेत, पण पारोळच्या बांधावर आमच्यापाशी कावळे आणि मैनाच होत्या. त्या धाडीने येऊन अळ्या टिपत होत्या, असे धाकटी होस्टेलवरून सुटीला आली तेव्हा सांगत होती. अठराव्या दिवशी तिनेच पान पाठवले, मोबाईलवर. तांबूस, कोवळे, तळहाताएवढे. खाली लिहिले होते: "पेशंट सुधारतोय."

वर्षभराची थोडी वाढ बुडाली असेल. ती बुडू द्यावी.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांपाशी सागाची राई नसेल; पण आवारात एखादे झाड असेल, गावी बांधावर वडिलांनी लावलेले चार-दोन असतील. त्यांच्याविषयी कोणी "रोग लागलाय, काढून टाका" म्हणाले, तर हो म्हणण्याआधी एवढे करा. पाने नुसती बघू नका, हातात घ्या. साल नखाने ओरखडून ओली आहे का पाहा. खोडाला भोके आणि ताजा भुसा शोधा. शेजारच्या झाडांकडे बघा. महिना कोणता ते आठवा. आणि खोडात भुसा दिसला, किंवा फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्या, तर मात्र आपले शहाणपण बाजूला ठेवून जाणत्याला बोलवा.

यंदाही भाऊबीजेला आम्ही पारोळला जाणार आहोत. पाने पुन्हा जाळीदार झाली आहेत, असे नानांनी परवा कळवले. यावेळी आवाजात काळजी नव्हती. उलट म्हणाले, "येताना करंज्या जास्त आणा. आणि राबाला मी यंदा पाचोळाच वापरणार आहे, हे ताईला सांगा."